दोन्ही टोकांना हिरवं

१

टाकीत शेवाळ धरलं नसतं, तर ते वरून कुणाला दिसलंच नसतं.

माझे मोठे दीर शिडी लावून पाण्याच्या टाकीवर चढले होते आणि आतून घासत होते. खाली मी आणि जाऊबाई भांडी विसळत होतो. वरचा खरखर आवाज एकाएकी थांबला. मी मान वर केली, तर दीर हातात ब्रश धरून शेताकडे तोंड करून नुसते उभे.

"अहो, झोप लागली का उभ्या उभ्या?" जाऊबाई म्हणाल्या.

ते उतरले, ब्रश बादलीत टाकला आणि तडक मक्यात शिरले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तीन-चार पोंगे होते. पोंगा म्हणजे मक्याच्या शेंड्याची कोवळ्या पानांची गुंडाळी. रोपातून ती सहज उपटून येत नाही. हे पोंगे मात्र केस गळावे तसे हातात आले होते. बुडाशी कुजून तपकिरी झालेले.

"खोडकिडा," दीर म्हणाले. "मध्ये सगळं मेलंय. बांधावरून बघा, दोन्ही टोकांना हिरवंगार. वरून बघितलं तर पट्टे दिसतात. दोन ओळी जिवंत, दोन मेलेल्या. पुन्हा दोन जिवंत, दोन मेलेल्या."

जाऊबाईंचा हात पाण्यातच थांबला. दोन आणि दोन म्हणजे काय, ते आमच्या घरात सांगावं लागत नव्हतं.

आमचा मका बियाण्याचा होता. अशा मक्याला खत, औषध, तुरे काढणं, सगळं वेळच्या वेळी लागतं. सासरे हयात असताना त्यांनी घरात एक पद्धत घालून दिली होती. पेरणीपासून काढणीपर्यंत ओळी वाटलेल्या. दोन थोरलीच्या, दोन धाकटीच्या, पुन्हा दोन थोरलीच्या. कुणी कसं काम केलं ते मकाच सांगेल, भांडायला नको, असं ते म्हणत.

मक्यानं सांगितलं होतं. मेलेल्या ओळी माझ्या होत्या.

"टोकाला औषध टाकायचं आणि मध्ये गेलं की सावलीत बसायचं," दीर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच तो जास्त लागला. "बांधावरून बघणाऱ्याला काय कळणार? आणि हे औषधाचं पोतं यंदा एवढं उरलं कसं, तेही आता कळलं. सकाळी मी डबा भरून द्यायचा आणि हिनं संध्याकाळी पोत्यात परत ओतायचा."

"मी टाकलं होतं," मी म्हणाले. "एक रोप सोडलं नाही."

दीर माझ्याकडे न बघता सासूबाईंकडे वळले. त्या ओसरीत काठी मांडीवर आडवी ठेवून शेंगा सोलत होत्या.

"आई, धाकट्याचा ट्रक परवा येतोय. आला की हिला माहेरी सोडून यायला सांगतो. काम नको असेल तर तसं सांगावं माणसानं. सगळ्यांच्या तोंडात माती घालू नये."

सासूबाईंनी एक शेंग सोलली. दाणे टरफलांच्या टोपलीत टाकले आणि टरफल दाण्यांच्या वाटीत.

२

त्या रात्री मी पिशवी भरली. आज इतक्या वर्षांनी सांगते, मला कामचुकारपणाच्या आळापेक्षा दुसरंच एक खात होतं. मला दिवस गेले होते. कुणालाही सांगितलं नव्हतं. आधी यांना सांगायचं ठरवलं होतं, आणि हे ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. शिवाय त्या घरात ती बातमी सांगणं सोपं नव्हतं. जाऊबाईंची दोन मुलं पोटातच गेली होती. ओसरीत लहान मूल आलं की त्या काहीतरी आणायच्या निमित्तानं आत जात.

सांगितलं असतं तर मला ठेवूनही घेतलं असतं. पण मग आयुष्यभर म्हणाले असते, पोटाच्या आडोशाला लपली. बाळाला असलं काम मी द्यायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी बियाणं तपासणीच्या बाई आल्या. त्या दर हंगामात येत. गळ्यात दोरीला भिंग, पायात पुरुषी बूट आणि बगलेत घडीचं स्टूल. भिंगामुळे सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. "चिमटा गळ्यात घातला असता तर काय म्हणाला असतात, त्यापेक्षा हे बरं," असं त्या म्हणायच्या.

शेत बघून झाल्यावर त्यांनी मक्याचं एक खोड उभं चिरलं. आत बोगदा, बोगद्यात भुसा, आणि भुशात तपकिरी डोक्याची गुलाबीसर अळी.

"हा बघा चोर," त्या दिरांना म्हणाल्या. "घरात शिरला, हे उघड आहे. दार कुणी उघडं ठेवलं, ते मला लिहायचंय."

"लिहा की. मजुरीत कसूर. घरचीच मजूर."

"ओळी टोकाला चांगल्या आणि मध्ये मेलेल्या म्हणून?"

"आणखी काय पाहिजे?"

"मला खूप काय काय पाहिजे असतं. म्हणून तर बढती मिळत नाही." त्यांची नजर वाटेत ठेवलेल्या माझ्या पिशवीवर गेली. "ही कुणाची?"

मी म्हणाले, "माझी."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काठी धरून बसलेल्या सासूबाईंकडे. स्टूल उघडून त्या ओसरीतच बसल्या.

"मी उद्यापर्यंत इथेच आहे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातली एखादी खोली द्या. पाहुणचार नको. आणि त्या पोत्याला कुणी हात लावू नका."

३

औषधवाला दुकानदार न बोलावताच हजर झाला. खोडकिड्याची बातमी त्याच्यापर्यंत अळीच्या आधी पोचत असे.

"बाई, माझ्या औषधात खोट निघाली, तर दुकानाला कुलूप लावून कोंबड्या पाळीन."

"कोंबड्यांनी काय पाप केलंय?" भिंगबाई म्हणाल्या. "घाबरू नका. त्याच पोत्यातलं औषध थोरल्या सुनेच्या ओळींना लागू पडलंय. तुम्ही सुटलात."

तो एवढा हलका झाला की निघायचं सोडून बोलतच बसला. "या घरासारखं गिऱ्हाईक नाही. बाकीचे पोतं उचलतात आणि चालू लागतात. या आजी मात्र पोत्यावरचं बारीक अक्षर माझ्याकडून वाचून घेतात. मागच्या हंगामातही घेतलं, यंदाही. एवढी काळजी कोण करतं हो?"

"खरंच, कोण करतं?" भिंगबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी दिरांना विचारलं, "डबे तुम्ही भरत होता?"

"मीच. रोज सकाळी शेडमध्ये. दोन डबे, पोंग्यात दाणेदार औषध टाकायला झाकणाला भोकं पाडलेले. भरून फळीवर ठेवायचो आणि मोटर चालू करायला जायचो. या दोघी चहा घेऊन यायच्या आणि आपापला उचलायच्या."

"कुठला कुणाचा, ते कसं कळायचं?"

"हिच्या डब्याच्या कडीला फडकं गुंडाळलेलं. तळहाताला फोड आला होता ना हिच्या. नाजूक काम." मला टोमणा मारायची संधी त्यांनी सोडली नाही.

मग जाऊबाई. त्या पीठ चाळत होत्या आणि चाळता चाळताच उत्तरं देत होत्या.

"तुम्ही तिच्या शेजारच्या ओळीत होतात. ती बसलेली दिसली कधी?"

जाऊबाई जराशा थांबल्या. त्यांना माझ्याबद्दल बरं बोलायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "बसलेली नाही दिसली. पण मी माझ्या कामात. तिच्यावर पहारा नव्हते करत."

"औषधाचा वास कसा होता?"

"औषधासारखा. डोकं धरायचं. मी तर हात साबणानं दोनदा धुवून जेवायला बसायचे. हिची बोटं मात्र आठवडाभर जांभळी होती. मी म्हटलंसुद्धा हिला, अगं साबण संपलाय का तुझ्या वाटचा? औषध जांभळटच असतं ना. आईंची बोटंही तेव्हा तसलीच. वासराला तारेनं कापलं होतं, त्या जखमेवर जांभळं औषध लावत होत्या."

भिंगबाईंनी मान हलवली, जणू यात काही विशेष नाही. मग मला म्हणाल्या, "चला. तुमच्या ओळीत मधोमध घेऊन चला मला. बघू कुठे बसला होतात."

४

मक्याची पानं हाताला कापतात. आम्ही पुढे-मागे चालत होतो आणि त्या मागून विचारत होत्या.

"पहिल्या दिवशी कुठून सुरुवात केली?"

"पंपाच्या बाजूनं. तिथून इकडे सरकत आलो."

"पंपाजवळच्या तुमच्या ओळी मी पाहिल्या. त्या अख्ख्या हिरव्या आहेत. टोकाला आणि मध्येही."

मी थबकले. हे दिरांनी टाकीवरून पाहिलं नव्हतं. तिकडच्या ओळी पंपघराच्या आड जात होत्या.

"म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही नीट काम केलंत, आणि दुसऱ्या दिवसापासून बसून राहिलात," त्या म्हणाल्या. "काय झालं मध्ये?"

"काही नाही. मी रोज सारखंच काम केलं."

"आठवा."

मी आठवलं. पहिल्या दिवशी औषधाच्या वासानं मला मळमळलं होतं. पंपामागे जाऊन मी उलटी केली होती. वळून पाहिलं, तर पंपाच्या ओट्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलेला. आजूबाजूला कुणी नाही. तो जाऊबाईंनी ठेवला असेल असं मला वाटलं होतं. पण हे सगळं सांगायचं, तर उलटी का झाली तेही सांगावं लागलं असतं.

"पहिल्या दिवशी वासाचा त्रास झाला," मी एवढंच म्हणाले. "नंतर सवय झाली. पुढे वासच यायचा नाही."

"एका रात्रीत सवय झाली? तुमच्या जाऊबाईंना इतक्या हंगामांत नाही झाली."

असं म्हणून त्या मेलेल्या रोपापाशी खाली बसल्या. खोडकिड्यानं खाल्लेलं पान उलगडतं तेव्हा त्यावर भोकांची सरळ आडवी ओळ दिसते. पान गुंडाळलेलं असताना अळी एकदाच आरपार जाते, आणि उलगडलं की एका भोकाची पाच-सहा होतात. तशी ओळ होतीच. पण तिच्या जरा खाली दुसरीही एक ओळ होती. जांभळ्या ठिपक्यांची.

"हे थंडीचं," मी म्हणाले. "गारठ्यानं मका जांभळा पडतो."

"गारठा ठिपके ठिपके करून पडतो का? गुंडाळलेल्या कागदावर शाई सांडली की उलगडल्यावर असंच दिसतं." त्यांनी पोंगा हलकेच सोडवला, आतला कचरा तळहातावर झटकला आणि भिंग धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग भिंगाची दोरी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

"औषधाचा दाणा मातीचा असतो. चिमटीत दाबला की पिठूळ होतो. हा दाबून बघा."

मी दाबला. बोटाला टोचला. भिंगातून पाहिलं, तर काचेसारखा चमकत होता.

"वाळू आहे," मी म्हणाले.

"जांभळी रंगवलेली वाळू. दवात रंग सुटला आणि पानावर उतरला." त्या उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली. "म्हणजे तुम्ही मध्ये आला होतात. एक रोप सोडलं नाहीत, हेही खरं. फक्त डब्यात औषध नव्हतं."

मला रडू आलं. ते सुटकेचं म्हणावं तर तसंही नव्हतं. त्या घरातल्या कुणीतरी रोज सकाळी उठून माझ्यासाठी वाळू रंगवली होती. एवढा राग माझ्यावर कुणाचा असेल?

"रागाचं म्हणाल," जणू मी ते मोठ्यानं बोलले होते अशा थाटात त्या म्हणाल्या, "तर टोकाला चला."

टोकाच्या हिरव्या रोपांच्या पानांवरही तेच जांभळे ठिपके होते. आणि त्यांच्या बेचक्यात, भिंगाखाली, पिठूळ होणारा दाणाही होता. वाळू आणि औषध, दोन्ही.

"तुम्ही वाळू टाकून गेल्यावर कुणीतरी मागून येऊन खरं औषध टाकलंय," भिंगबाई म्हणाल्या. "जेवढं जमलं तेवढं, दोन्ही बांधांकडून. हा कसला शत्रू?"

५

संध्याकाळी मी वैरण घेऊन गोठ्यात गेले, तर भिंगबाई वासरापाशी उकिडव्या बसलेल्या. वासराचे चारही पाय त्यांनी एकेक करून हातानं चाचपले होते. वासरू त्यांचे बूट चाटत होतं.

"कुठला पाय कापला होता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. आईच बघायच्या त्याचं."

"जखम भरून येते. पण तारेनं कापलं की तिथे केस वेगळे येतात, निदान भांग तरी पडतो. आणि पांढऱ्या केसांवरचा तो जांभळा रंग सहज जात नाही." त्यांनी वासराची पांढरी पोटरी हलक्या हातानं थोपटली. "याला कधी काही झालेलंच नाही."

मागे काठीचा आवाज झाला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी वासराकडे पाहिलं, मग भिंगबाईंच्या हाताकडे.

भिंगबाईंनी त्यांना उठून जागा दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"आजी," भिंगबाई हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. माझ्या आधी दुसरं कुणी बोललं, तर मी गप्प बसेन. मला गप्प बसायला आवडेल."

सासूबाई आल्या तशा परत गेल्या. त्या रात्री त्यांनी मला आधी वाढलं. मी नको म्हणत असताना माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात घातला. स्वतः जेवल्या नाहीत. काठी घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिल्या.

मला वाटलं, मला आता समजलंय. सासूबाईंना मी घरात नको होते. आणि मला ते सहन होईना, कारण मी त्यांना मनापासून आई म्हणत होते.

६

सकाळी भिंगबाईंनी आम्हाला ओसरीत बसवलं. त्यांनी सासूबाईंकडे पाहून बराच वेळ वाट बघितली. सासूबाई काठीच्या मुठीकडे बघत होत्या. मग भिंगबाईंनी सुरुवात केली. वाळू दाखवली, दोन पानं दाखवली, एक मधलं, एक टोकाचं.

"आता बघा," त्या दिरांना म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, काम चुकवलं. चुकवणारा माणूस वाळू रंगवत बसत नाही. ते कामापेक्षा मोठं काम आहे."

"मग दुकानदार."

"पोतं एकच."

"मग मी?" दीर ताठ झाले. "डबे मी भरत होतो. म्हणा की तसं."

"तुम्ही असतात, तर पिकाचं नुकसान करण्यासाठी केलं असतंत आणि पुन्हा टोकाला औषध टाकलं नसतंत. किंवा पीक वाचवायचं असतं, तर सबंध ओळीत टाकलं असतंत. तुमचे पाय धड आहेत. थोरल्या सुनेचेही आहेत. ज्यानं हे केलं, त्याला पीक मारायचं नव्हतं. मागाहून, दुसऱ्या दिवशी पहाटे, तो दोन्ही बांधांवरून जेवढं आत जाववेल तेवढं जाऊन खरं औषध टाकत होता. आणि उरलेलं फेकवेना, म्हणून पोत्यात परत ओतत होता. सरीच्या चिखलात ज्याला लांब चालवत नाही असा, आणि मूठभर औषधही वाया घालवणार नाही असा माणूस."

कुणी काठीकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी न पाहण्याचा एवढा प्रयत्न केला की ते पाहण्यासारखंच झालं.

"पण का?" दिरांचा आवाज बसला होता. "पिकाला औषध मिळावं, पण हिच्या हातून मिळू नये? हा कसला हिशेब?"

"तेच मला एकाच ठिकाणी अडतंय," भिंगबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पहिल्या दिवशी डब्यात औषध होतं, दुसऱ्या दिवशी वाळू. मध्ये वासाचा त्रास झाला, एवढंच तुम्ही मला सांगितलंत. मला अंदाज आहे. पण ते तुमचं आहे. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मी पिशवीकडे पाहिलं. यांचा ट्रक यायच्या आत हे सगळं संपायला हवं होतं.

"पंपामागे मला उलटी झाली होती," मी म्हणाले. "मला दिवस गेलेत."

जाऊबाईंनी हातातला पेला सावकाश खाली ठेवला. सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. सासूबाईंकडे बघत होत्या.

"तो तांब्या तुम्ही ठेवलात," मी सासूबाईंना म्हणाले. "तुम्ही पाहिलंत."

"मी पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. "आणि डब्यात वाळू मी भरली. हा तिकडे मोटरकडे गेला की बदलायची. पिकाचं मी बघेन म्हटलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला."

"अगं, मग सांगायचं," दीर म्हणाले. "औषधाला हात लावू नकोस म्हणायचं सूनबाईला. झालं असतं. वाळू कशाला?"

उत्तर जाऊबाईंनी दिलं.

"सांगितलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं." मग त्या सासूबाईंना म्हणाल्या, एकेक शब्द पाणी गाळावं तसा, "त्या पोत्यावर काय लिहिलंय, आई?"

"पोटुशी बाईनं हात लावू नये म्हणून."

"दोन्ही वेळेला माझ्या हातात डबा होता. पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, वासानं कसंतरी होतंय. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच होतं. दुसऱ्या वेळी मी म्हटलंच नाही." त्यांचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं. "माझ्या वेळी वाळू कुठे होती?"



"तेव्हा मला माहीत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "शपथेवर सांगते, नव्हतं. मागच्या हंगामात तो दुकानदार कुणाला तरी वाचून दाखवत होता, ते कानावर पडलं. पुन्हा वाचायला लावलं. यंदा पुन्हा. वाटायचं, कधीतरी वेगळं काही वाचेल. घरी येऊन तुला सांगणार होते. तू चुलीपुढे बसली होतीस. मी तुला इतकी वर्षं म्हणत आले होते, तुझं अंगच कमजोर. तूही ते धरून चालली होतीस. आता कुठल्या तोंडानं सांगू? आज सांगते, उद्या सांगते, असं करत राहिले. मग ही पंपामागे दिसली."

"आणि परवा माझा नवरा हिला घराबाहेर काढत होता, तेव्हा?"

"तेव्हाही," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाही नाही निघालं तोंडातून. हिची पिशवी बघत होते मी."

भिंगबाई म्हणाल्या, "औषधामुळेच गेली, असं खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. मी तर नाहीच."

"ते मला नका सांगू," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांना सांगा. मला तर कालपर्यंत वाटत होतं, माझ्यामुळे गेली."

त्या उठल्या, माझी पिशवी उचलली आणि आत नेऊन माझ्या खोलीत ठेवली.

७

त्या वर्षी आमचं शेत बियाण्याला नापास झालं. भिंगबाईंनी कारणाच्या जागी खोडकिडा लिहिलं, औषध मध्ये पोचलं नाही एवढं लिहिलं, आणि घरातलं घरात ठेवलं. दिरांनी मधल्या ओळी कापून जनावरांना घातल्या. माझ्याशी ते नीट बोलायला शिकले, पण माफी त्यांनी मागितली ती त्यांच्या पद्धतीनं. एक दिवस शेडमध्ये गेले, दोन्ही डबे चेचून भंगारात टाकले आणि पुढच्या हंगामापासून औषध स्वतः टाकू लागले.

जाऊबाईंनी मला एकदाच सांगितलं, "मी तुला वाईट बोलले. तुझ्या ओळी मेलेल्या बघून मला आतून बरं वाटलं होतं. हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला.

सासूबाईंशी मात्र त्या बोलेनात. काम चुकवलं नाही, जेवण वेळेवर, पाणी वेळेवर. पण मध्ये मी. "आईंना सांग, पाणी तापलंय." आणि आई एका हाताच्या अंतरावर बसलेल्या. सासूबाईंनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. मिळतंय ते आपल्या मापाचंच आहे असं मानणाऱ्या माणसासारख्या त्या ते घेत राहिल्या.

माझी लेक झाली. घरी आणली तेव्हा सगळे ओसरीत जमले. यांनी घेतली, दिरांनी भीत भीत घेतली. जाऊबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी तिला घेतलं आणि खांद्यावर टाकून हिंडत राहिल्या. सासूबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. मी दोनदा बाळ त्यांच्यापुढे धरलं. दोन्ही वेळेला त्या म्हणाल्या, "राहू दे, माझे हात गार आहेत." दुसऱ्या दिवशीही गार, तिसऱ्या दिवशीही गार. आठवडे गेले. त्या तिला लांबून बघत, तिची दुपटी धुवून वाळत घालत, पण हातात घेत नसत. मला कळत होतं. जाऊबाईंना तर माझ्याहून जास्त कळत होतं.

एका दुपारी बाळ रडायला लागलं आणि थांबेना. माझे हात पिठात. जाऊबाई तिला घेऊन ओसरीत येरझाऱ्या घालत होत्या. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि प्रत्येक रडण्याबरोबर त्यांचा चेहरा ओढला जात होता.

जाऊबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात स्वच्छ आहेत ना?" त्यांनी विचारलं. मला मध्ये न घालता.

सासूबाईंनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बोटांवरचा रंग केव्हाच गेला होता. तरी त्यांनी एकेक बोट पाहिलं.

"आहेत," त्या म्हणाल्या.

"मग घ्या," जाऊबाई म्हणाल्या, आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.